खाडीमुलूख, तिसरी आवृत्ती

चेंदणी, ठाणे
रविवार, १४ जुलै १९९६

प्रिय चंदू,

नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, कलावतीचा गुडघा सोडला तर. शालूवहिनींना आठवण सांग. तुझा खडवलीचा पत्ता मंदाकिनीबाईंनी दिला. म्हणाल्या, "दोघं नऊ वर्षं एकाच लाइनीवर राहता आणि पत्ता मला विचारता, लाज नाही वाटत?" मी म्हटलं, वाटते, पण पिनकोडसकट द्या.

कामाचं आधी. आपल्या 'खाडीमुलूख' खेळाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढतोय. सायक्लोस्टाइल नाही, छापील. डोंबिवली पूर्वेला एक गृहस्थ कॉम्प्युटरवर जुळणी करून देतात. काल प्रूफं बघायला गेलेलो. 'ओहोटी'ची वेलांटी पुन्हा ऱ्हस्वच. मी ती परत दाखवली तेव्हा ते म्हणाले, "भोईर, हे वाचणार कोण?" मी म्हटलं, वाचणारा नंतर बघू, वेलांटी आत्ता बघा.

मग त्यांनी विचारलं, खेळ म्हणता तर पट कुठंय, सोंगट्या कुठंयत, जिंकतो कोण. तुझ्या मामांनी मला हेच विचारलेलं, आठवतं? मी सांगितलं, पट नाही, सोंगट्या नाहीत आणि जिंकत कोणी नाही. एक जण सूत्रधार. तो सांगतो की तुम्ही होडीत आहात, धुकं पडलंय, समोर फिरंग्यांची चौकी आहे. बाकीचे गडी. प्रत्येक गड्याचा त्या गोष्टीत स्वतःचा एक माणूस असतो, त्याचं नाव, गाव, अंगातले गुण सगळं त्यानेच ठरवलेलं. सूत्रधार विचारतो, काय करतोस? गडी सांगतो. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. पुढच्या रविवारी तिथूनच पुढे. गृहस्थ म्हणाले, "म्हणजे मोठ्या माणसांची भातुकली." मी प्रूफं उचलून निघालो. जिना उतरताना वाटलं, फार चुकीचं नाही बोलला.

आता या आवृत्तीला प्रस्तावना लिहायचीय. मला आठवतं ते इथे लिहितो. चूक असेल तर दुरुस्त कर, पण नसणार.

सन त्र्याऐंशी. तुझे दामाजीमामा बोटीवरून सुट्टीवर आले आणि खलाशांच्या खोलीत कोणी टाकून दिलेलं एक इंग्रजी पुस्तक तुझ्यासाठी घेऊन आले, कारण त्यावर होडीचं चित्र होतं. तू ते माझ्याकडे दिलंस, कारण आपल्यात डिक्शनरी माझ्याकडे होती. मी सातवी पास, हे अजून लोक मला ऐकवतात. पण ते पुस्तक मी शब्द न् शब्द लावून मराठीत आणलं. त्यातले दाढीवाले बुटके आणि टोकदार कानाचे लोक काढले. त्यांच्या जागी मिठागरवाले, डोलकर आणि माणसं खाडीपार नेणारी तर चालवणारे घातले. त्यांच्या किल्ल्याच्या जागी घोडबंदर. मंदाकिनीबाई तेव्हा शाळेच्या ऑफिसात होत्या, त्यांनी स्टेन्सिल कापली. ती आपली पहिली आवृत्ती. पानांना त्या शाईचा वास अजून आहे. कलावती म्हणते नाही, तुझ्या नाकात आहे.

वीस बाजूंचा फासा कुठून आणायचा हा प्रश्न होता. सुरुवातीला आपण हाउजीचे एक ते वीस आकडे बिस्किटांच्या डब्यात घालून काढायचो. मग मी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये नायलॉनच्या दांड्यातून फासा केला. दोन बाजूंमधला कोन एकशे अडतीस अंश अकरा मिनिटं, तो मी बरोबर धरलेला. सतरा जास्त वेळा पडतो हा तुझा आरोप मी तेव्हाही मान्य केला नाही, आताही करत नाही.

आणि तुझा ओटा. मोठागावचा, रेतीबंदराच्या वाटेवरचा. दर रविवारी जेवणं झाली की तू कॅरम बोर्ड उलटा टाकायचास आणि त्याच्या पाठीवर मी खडूने खाडी काढायचो. तुझी आई येताजाता बघायची. एकदा म्हणाली, "देवा, मुंब्र्याचा डोंगर तू भलतीकडं काढलास." मी काढलेला बरोबर होता, पण म्हातारीसाठी पुसून तिकडे काढला. ते एकदाच.

पुस्तकातली एकेचाळीस ते छपन्न पानं नव्हती, हे आपल्याला माहीत होतं. खारं पाणी लागून सोळा पानांचा एक अख्खा फर्मा गळून गेलेला. त्यात काय होतं ते ठाऊक नव्हतं. त्यामुळे गड्याची ताकद शून्यावर आली की पुढे काय, हा नियमच आपल्याकडे नव्हता. तो तू केलास. गडी खाडीत पडतो. ओहोटी लागली की तिवरांत वर येतो. पण एक गोष्ट पाण्यात ठेवून येतो, आणि ती कोणती ते शेजारी बसलेला गडी ठरवतो. खेळातली तुझी बायजा तरवाली चार वर्षांत किती वेळा पडली. एकदा पोहणं ठेवून आली, एकदा नवऱ्याचं नाव, एकदा रागच ठेवून आली आणि पुढचे दोन महिने तुला सगळ्यांशी गोड बोलावं लागलं. मंदाकिनीबाईंनी मुद्दाम तो निवडलेला.

मग सत्त्याऐंशी. मामांनी त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती आणली, कोरी, सगळ्या पानांची. मी त्या आठवड्यात तिसऱ्या पाळीला जात होतो, तरी ती वाचून काढली. आपल्याकडे नव्हती त्या पानांवर मरणाचं प्रकरण होतं. शून्यावर आलेला गडी मरतो, खेळातून जातो, बास. चार वर्षं आपण मरणाशिवाय खेळत होतो, कारण ते पाण्यात विरघळून गेलेलं.

रविवारी मी जाहीर केलं, आजपासून दुसरी आवृत्ती. आणि त्याच दिवशी चौकीवरच्या गोळीने बायजा शून्यावर आली.

तू म्हणालास, "येल ती ओहोटीला वर."
"नाही येणार. आता तो नियम नाही."
"कोन बोलला?"
"पुस्तक."
"पुस्तक त्यांचा, खाडी आपली."
मंदाकिनीबाई म्हणाल्या, "सहदेव, आजच्या दिवस जुनं चालू द्या ना."
मी म्हटलं, अर्धा खेळ जुन्या नियमाने आणि अर्धा नव्याने असं होत नाही.

तू बोर्ड उचलून सुलटा केलास, खडूची खाडी सगळी सतरंजीवर सांडली. पावडर टाकून म्हणालास, "चल, कॅरम खेलू." आपण कॅरम खेळलो. तू जिंकलास. त्यानंतर तू खेळायला बसला नाहीस, पुढे खडवलीला गेलास, ते मला बाहेरून कळलं.

नियमाने मी बरोबर होतो. आजही माझं तेच मत आहे.

तर, तिसऱ्या आवृत्तीत मी तुझा ओहोटीचा नियम परत घेतलाय. हे तुझ्यासाठी नाही. नियम म्हणून तो चांगला आहे. आणि दुसरं, पत्राचं मुख्य कारण. नव्या आवृत्तीचा पहिला खेळ सूत्रधार म्हणून तू चालवावास. मी नाही. नवं पुस्तक नव्या तोंडाने सुरू व्हावं असं मला वाटतं. कारण विचारत बसू नकोस, हो किंवा नाही कळव.

उत्तर आलं तर आनंद आहे.

सहदेव भोईर


चेंदणी, ठाणे
रविवार, ४ ऑगस्ट १९९६

प्रिय चंदू,

तुझं कार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच, होडी वल्हवताना लिहिल्यासारखं. नर्सरी चांगली चालली हे वाचून बरं वाटलं. शालूवहिनींनी मोगऱ्याची कलमं बांधायला शिकून घेतली हे तर फारच छान.

तू लिहितोस, "देवा, नव वर्सांनी पत्र लिवलंस आनि त्यात अर्धा पान फाशाचा. तू मेलास तरी तुजी राख चाळून घेशील." कलावतीला वाचून दाखवलं. ती हसली नाही, आत निघून गेली. गुडघा दुखत असेल.

शेजारच्या दुकानात फोन आहे, त्यावर फोन कर म्हणतोस. फोनवर मला बोलायला जमत नाही हल्ली. लाइन खराब असते. लिहिलेलं बरं, पुरावा राहतो.

मामा गेल्या वर्षी वारले हे मला माहीत नव्हतं. प्रस्तावनेत त्यांचं नाव घातलंय, 'पुस्तक आणणारे' म्हणून. कै. लावावं लागेल, तसं कळवलं डोंबिवलीला.

मागच्या आठवड्यात त्याच कामाला डोंबिवलीला गेलेलो तर तिथून मोठागावला पायी जाऊन आलो. तुझ्या ओट्याच्या जागी चार मजली बिल्डिंग आहे. खाली कोचिंग क्लास. मी उभा राहून हिशेब करत होतो की बोर्ड नेमका कुठे यायचा, तर वॉचमनने विचारलं, "किसको मिलना है?" मी बंदराकडे चालू लागलो. रेतीबंदर तसंच आहे, ड्रेजर वाढलेत. डोंगर मी काढायचो तिथेच आहे. तुझी आई आज असती तर दाखवलं असतं.

तुझ्या प्रश्नाकडे येतो. तू विचारतोस, तेरा वर्षं ज्याने सूत्रधाराची जागा कोणाला दिली नाही, तो आता का देतो. कोणीतरी करायला हवं म्हणून. मंदाकिनीबाईंना विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी सांगायला लागले की तास घेतल्यासारखं होतं, गडी हात वर करतात." ठाण्याला मी दोन-तीन नवे लोक तयार केले, कारखान्यातले. नियम त्यांना पाठ आहेत. पण चौकी आली की चौकी म्हणतात आणि फासा टाकतात. धुकं कोणी सांगत नाही. मी कान उघडे ठेवून बसतो, खाडीचा वास येतच नाही. तुला नियम कधी पाठ नव्हते, फासा पडायच्या आधी तू निकाल सांगून मोकळा व्हायचास. पण तू गडी असूनसुद्धा बायजाच्या होडीत पाणी शिरतंय म्हणालास की मंदाकिनीबाई पाय वर घ्यायच्या. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. आता लिहितोय, ते आवृत्तीच्या कामाचा भाग म्हणून.

नवीन नियमांतले काही पाठवतो, तुझं मत हवं.

भरती-ओहोटीचं कोष्टक पूर्ण बदललं. जुन्यात मी रोज एकच वेळ धरलेली, ती घोडचूक होती आणि तू कोळी असून बोलला नाहीस.

फासा एकच, वीस बाजूंचा.

'न बोलणारा गडी' हे नवीन प्रकरण आहे. एखाद्या गड्याला बोलता येत नसेल तर त्याने खेळ कसा खेळावा. बोटाने टेबलावर एक टिचकी म्हणजे होय, दोन म्हणजे नाही. तळहात पालथा म्हणजे थांबतो. खडू प्रत्येकाजवळ असावा. सूत्रधाराने त्याला घाई करू नये आणि बाकीच्यांनी त्याच्या वतीने बोलू नये, यावर मी जोर दिलाय. सूत्रधाराला मात्र हे प्रकरण लागू होत नाही, होऊच शकत नाही. तशी खाली टीप टाकली आहे.

मंदाकिनीबाईंनी हे प्रकरण वाचलं आणि चष्मा काढला. मग म्हणाल्या, "खडवलीला सरळ लिहा ना." मी म्हटलं, सरळच लिहिलंय, नियमात यापेक्षा सरळ काय लिहिणार.

तर तू हो म्हण. तारीख लवकरची हवी, नारळी पौर्णिमेच्या आतली. नंतर मला जमणार नाही, कामं आहेत.

तुझ्या होकाराची वाट पाहणारा,
सहदेव


चेंदणी, ठाणे
रविवार, १८ ऑगस्ट १९९६

प्रिय चंदू,

तुझं दुसरं कार्ड आलं. त्यात नमस्कार नाही, चमत्कार नाही, मधोमध एवढंच. "तू तुजा नियम बदललास. तू. काय झालाय ते सांग, मंग बसतो. नायतर नाय."

ठीक आहे. अट घालायचा तुला अधिकार आहे.

संक्रांतीच्या सुमारास आवाज बसला. आधी गुळण्या केल्या, मग ज्येष्ठमध, मग कारखान्याच्या डॉक्टरच्या गोळ्या. आवाज सुटला नाही. मी म्हणायचो, वर्कशॉपमध्ये ओरडून बोलावं लागतं, त्याचा परिणाम. खेळ चालू होताच. मी हळू बोलायला लागलो तर गडी पुढे सरकून ऐकायचे, मला वाटायचं रंगतोय खेळ. शेवटी मंदाकिनीबाईंनी रविवारी फासा उचलून पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, उद्या परळला चला, मग देते.

परळला जाऊन आलो म्हटल्यावर तुला आणखी सांगायला नको. पण मी अर्धवट लिहिणारा माणूस नाही. गाठ स्वरयंत्रावर आहे. ऑपरेशन करून ते पूर्ण काढणार. गळ्याला एक भोक राहील, त्यातून श्वास घ्यायचा. जेवता येईल, चव कळेल, वर्कशॉपचं काम करता येईल. बोलता येणार नाही. डॉक्टर तरुण आहेत, कागदावर चित्र काढून समजावलं. चित्र चुकीचं होतं, श्वासनळी मागे काढलेली. मी दुरुस्त केलं. ते म्हणाले, "काका, तुम्ही कुठे शिकलात?" कलावती तिथेच रडायला लागली आणि ते बिचारे आणखी गोंधळले.

नारळी पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी ॲडमिट व्हायचंय.

आता नियमाचं. तुला वाटेल सहदेव घाबरला आणि मरणाचं प्रकरण काढून टाकलं. तारखा बघ. प्रकरण मी एप्रिलमध्ये काढलं, परळला गेलो जूनमध्ये. त्यामुळे हा आरोप टिकत नाही.

पण एप्रिलमध्ये मला आतून माहीत होतं, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या आवृत्तीचा नियम स्वच्छ आहे, त्यात दोष दाखवता येणार नाही. तुझा नियम ढिला होता. पण परळच्या त्या बाकड्यावर नंबर यायची वाट बघत बसलो होतो, शेजारी एक म्हातारी, तिच्या तोंडाला रुमाल, आणि तिचा मुलगा तिला विचारत होता, घरी गेल्यावर काय खाशील. ती बोटाने हवेत काहीतरी लिहीत होती, त्याला कळत नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथे सगळे तुझ्याच नियमाने खेळतायत. वर यायचं आणि एक काहीतरी ठेवून यायचं. फरक एवढाच की काय ठेवायचं ते शेजारच्या गड्याने नाही, डॉक्टरने सांगितलं. गोऱ्या साहेबाच्या पुस्तकात हे कुठेही नाही. तू ते एका दुपारी ओट्यावर पाय हलवत केलेलंस, फक्त बायजा जाऊ नये म्हणून.

हे मी माफी म्हणून लिहीत नाही. आवृत्ती बदलते ती अशी, एवढंच.

आता राहिलं माझं मागणं. मंदाकिनीबाईंना वाटलं, मला शेवटचा एक खेळ सूत्रधार म्हणून चालवायचा असेल, आवाज आहे तोवर. कलावतीलाही तसंच वाटलं. नाही. मी तेरा वर्षं सांगत आलो. धुकं मी सांगितलं, चौकी मी सांगितली, प्रत्येकाला विचारलं काय करतोस, काय करतेस. पण मला कोणी विचारलं नाही. सूत्रधाराला कोणी विचारत नाही, त्याला स्वतःचा माणूसच नसतो. सगळ्यांची माणसं होडीत बसून पलीकडे गेली, मी काठावरून मोजत राहिलो. तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा. आताही वाटतो, पण थोडा हेवाही वाटायचा, विशेषतः बायजाचा.

म्हणून सूत्रधार तू. मी गडी. 'न बोलणारा गडी' हे प्रकरण पुढे आहेच मला, हवं तितकं खेळेन, टिचक्या मारत. पण एक डाव मला तोंडाने खेळायचाय.

येत्या रविवारी, पंचवीस तारखेला, मी आणि मंदाकिनीबाई खडवलीला येतो. कसारा गाडी पकडू, दुपारच्या जेवणाला पोचू. शालूवहिनींना सांग, मला मऊ भात आणि कालवण चालेल, तिखट कमी. बाकी काही करू नका. आवाज माझा आता फाटलेल्या पत्र्यासारखा झालाय, ऐकून तोंड पाडू नकोस, आणि वहिनींनाही आधी सांगून ठेव. जवळ बस म्हणजे झालं.

तिकडे खाडी नाही, भातसा नदी आहे हे मला माहीत आहे. तू सांगशील ती खाडी. डोंगर तुला वाटेल तिकडे काढ. मी दुरुस्त करणार नाही.

गोष्ट फार मोठी नको. एक होडी असावी, पाणी पलीकडेपर्यंत असावं. फासा मंदाकिनीबाईंच्या पर्समध्येच आहे, तो तुझ्या हातात देतील.

माझा माणूस मी तयार केलाय. उंची, वय, गाव, कुठलं काम येतं, कशाला घाबरतो, सगळं ठरवलंय. त्याचं नावही ठरवलंय. ते इथे लिहीत नाही. खेळ सुरू झाला की गड्याने आपलं नाव मोठ्याने सांगायचं असतं, ते मी तिथे सांगेन.

येतो.

सहदेव